चिलटांची अदलाबदल, जीवाणूंची देवघेव

पिकलेलं केळं दोन दिवस ओट्यावर राहिलं की त्याच्याभोवती बारीक, लालसर डोळ्यांची चिलटं घोंगावू लागतात. त्यांच्यातल्याच एका जातीवर, ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरवर, केलेल्या कामाला 1933, 1946, 1995, 2011 आणि 2017 असं किमान पाच वेळा नोबेल मिळालं आहे. आपल्या आतड्यात नांदणारा ई. कोलाय हा जीवाणूही या मानात मागे नाही.

सख्खी भावंडं एकाच आईबापांची असूनही एकसारखी का नसतात, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या चिलटांनी दिला. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना आईकडून आलेलं गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र शेजारीशेजारी येतात, समोरासमोरच्या जागी तुटतात आणि तुकडे बदलून पुन्हा जुळतात. हाच जनुकीय पुनःसंयोग. पुढच्या पिढीच्या हाती पडणारं गुणसूत्र म्हणजे ना एकट्या आजोबांचं, ना एकट्या आजीचं. ते दोघांच्या तुकड्यांतून घडलेलं, याआधी कधीच नसलेलं असं नवं गुणसूत्र असतं.

आंबा, पेरू, कारलं यांत अळ्या पाडणारी आणि जिच्यासाठी बागायतदार कामगंध सापळे टांगतात ती फळमाशी म्हणजे हे चिलट नव्हे. तिचं कुळ निराळं आणि ती आकारानेही मोठी. प्रयोगशाळेतलं चिलट जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं असतं.

सोळा बाय तेवीस फूट

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली एक खोली 16 फूट रुंद आणि 23 फूट लांब होती. तिच्यात आठ टेबलं, दुधाच्या बाटल्या आणि केळ्यांचा वास. थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी इथे चिलटं वाढवत. प्राणी निवडताना त्यांनी सोय पाहिली होती. खर्च जवळपास नाही, जागा बाटलीभर, 25 अंश सेल्सिअसला दहा दिवसांत नवी पिढी, एका मादीची शेकडो अंडी आणि गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. वाटाण्याची पिढी पाहायला हंगाम जातो. इथे महिन्यात तीन पिढ्या डोळ्यांसमोरून जातात.

1910 साली लाल डोळ्यांच्या गर्दीत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला. मॉर्गन यांनी त्याची लाल डोळ्यांच्या माद्यांशी जोडी लावली आणि मग नातवंडं मोजली. त्यात लाल डोळ्यांच्या माद्या 2,459, लाल डोळ्यांचे नर 1,011 आणि पांढऱ्या डोळ्यांचे नर 782 होते. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नव्हती. म्हणजे डोळ्यांचा रंग लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राशी बांधलेला आहे. तोपर्यंत गुणसूत्रं म्हणजेच आनुवंशिकतेचा आधार, ही गोष्ट स्वतः मॉर्गन यांनाही पटलेली नव्हती. आपल्याच मोजणीपुढे त्यांनी मत बदललं. मला त्यांच्या नोबेलपेक्षा हा गुण मोठा वाटतो.

लवकरच आणखी एक गोष्ट दिसली. एकाच गुणसूत्रावरचे दोन गुण बहुतेक वेळा जोडीने पुढच्या पिढीत जातात, पण कधीकधी त्यांची फारकत होते. काही जोड्यांची क्वचित होते, तर काहींची वारंवार.

गृहपाठ राहिला, नकाशा झाला

फारकतीच्या या आकड्यांवर 1911 साली मॉर्गन यांच्याशी बोलताना आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट सुचली. दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकी त्यांच्यामध्ये कुठेतरी तूट पडण्याची शक्यता जास्त. मग फारकतीच्या टक्केवारीवरून अंतरच का मोजू नये? तो घरी गेला, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवला आणि बहुतेक रात्र जागून त्याने जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. अंगाचा पिवळा रंग 0 वर, पांढरे डोळे 1.0 वर, शेंदरी डोळे 30.7 वर, आखूड पंख 33.7 वर आणि खुरटलेले पंख 57.6 वर. 1913 साली तो प्रसिद्ध झाला.

डीएनए म्हणजेच आनुवंशिक द्रव्य, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. जनुक कशाचं बनलेलं असतं याची कल्पना नसताना एका पोराने नुसती पिल्लं मोजून त्याचा पत्ता सांगितला. नंतरच्या शंभर वर्षांत आकडे सुधारत गेले, पण त्याने लावलेला क्रम आजही तोच आहे.

स्टर्टेव्हंट रंगांध होता, तरीही डोळ्यांच्या रंगछटांवर चाललेल्या या कामात तो आघाडीवर राहिला. त्याचा पहिला शोधनिबंध घोड्यांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर होता, कारण घरच्या घोड्यांच्या वंशावळी तो लहानपणापासून लिहून ठेवत असे. त्याचा सोबती कॅल्व्हिन ब्रिजेस बाटल्या धुण्याच्या कामावर लागला होता. बाटलीच्या जाड काचेतून, भिंग न लावता, त्याला शेंदरी डोळ्यांचं चिलट दिसलं आणि मॉर्गन यांनी त्याला संशोधनात घेतलं.

नरांच्यात अदलाबदल नाही

ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या नरामध्ये ही अदलाबदल होतच नाही. मादीत होते, नर आपली गुणसूत्रं अखंड पुढे देतो. मॉर्गन यांनाच हे दिसलं होतं. अभ्यासकांचा यात मोठा फायदा झाला, कारण एखादी गुणसूत्रजोडी जशीच्या तशी ठेवायची असेल तर ती नरामार्फत पुढे पाठवायची की काम झालं. चौथं, ठिपक्याएवढं गुणसूत्र तर मादीतही जवळपास अदलाबदल करत नाही.

पण हा चिलटांचा सार्वत्रिक नियम नाही. अननसावरून नाव पडलेल्या ड्रोसोफिला अनानासी या जातीत नरांमध्येही पुनःसंयोग होतो. भारतात सर्रास सापडणाऱ्या या जातीवर वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात वर्षानुवर्षं काम झालं आहे.

तापमानाचाही अदलाबदलीवर परिणाम होतो, हे 1917 सालीच दाखवलं गेलं. आईच्या वयाचाही होतो.

आणि अदलाबदल थांबवायची असेल तर? गुणसूत्राचे तुकडे उलटेपालटे करून ठेवलेले खास वाण आहेत. त्यांच्याशी सरळ गुणसूत्राची जुळणी नीट होत नाही, म्हणून अदलाबदलीतून तयार झालेली संतती टिकत नाही. त्यांच्यावर खूण म्हणून कुरळ्या पंखांसारखा ठळक गुण बसवलेला असतो. चिलटं गोठवून ठेवून पुन्हा जिवंत करणं ही अजून रोजच्या कामात बसणारी गोष्ट नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या साठा केंद्रात हजारो वाण सतत नव्या नळ्यांत हलवत जिवंत ठेवावे लागतात. त्या हलवाहलवीत गुण हरवू नयेत, ही जबाबदारी याच उलट्या गुणसूत्रांवर असते.

मोजमापाला मॉर्गन यांचं नाव

नकाशावरच्या अंतराला सेंटिमॉर्गन म्हणतात. दोन जनुकांची फारकत शंभरात एकदा होत असेल तर अंतर साधारण एक सेंटिमॉर्गन. मॉर्गन यांच्या नावाचं हे एकक 1919 साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी सुचवलं. हेच हाल्डेन 1957 साली इंग्लंड सोडून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. आज थुंकीचा नमुना पाठवून दूरचे नातेवाईक शोधून देणाऱ्या कंपन्यांच्या अहवालात तुमचं आणि त्या नातेवाइकाचं किती जुळतं ते सेंटिमॉर्गनमध्येच दिलेलं असतं. केळ्यावरच्या चिलटाचं माप माणसाच्या चुलत-मावस नात्यांना लागतं!

बारसं करण्यात चिलटवाल्यांचा हात कुणी धरणार नाही. जनुकाचं नाव ते बिघडल्यावर काय होतं त्यावरून ठेवतात. म्हणून डोळा लाल करणाऱ्या जनुकाचं नाव ‘व्हाइट’! ज्याच्या बिघाडाने हृदयच बनत नाही, ते ‘टिनमॅन’. थोड्याशा अल्कोहोलने झिंगणाऱ्या चिलटांचं जनुक ‘चीप डेट’.

मक्याने मारलेली बाजी

गुणसूत्रांचे तुकडे खरोखर बदलतात की हा नुसता आकड्यांचा तर्क आहे? डोळ्यांनी पाहिलेला पुरावा 1931 पर्यंत नव्हता. कॉर्नेल विद्यापीठात बार्बरा मॅक्लिंटॉक आणि त्यांची विद्यार्थिनी हॅरिएट क्रायटन यांनी मक्याचं असं एक गुणसूत्र घेतलं, ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला जादा तुकडा. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येणाऱ्या या दोन खुणांची ज्या दाण्यांत फारकत झाली, त्याच दाण्यांत गुणांचीही फारकत झालेली दिसली. तिकडे जर्मनीत कर्ट श्टेर्न हेच चिलटांत सिद्ध करत होते. मॉर्गन कॉर्नेलला आले असता त्यांनी या दोघींना थांबू नका, लगेच छापा म्हणून गळ घातली. मक्याचा निबंध आधी आला, श्टेर्न यांचा थोड्याच काळाने. चिलटांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने मक्याला पुढे जाऊ दिलं, हे दुर्मीळच.

जीवाणूंना आईबाप असतात का?

जीवाणू दोन भागांत विभागतो आणि दोन जीवाणू होतात. मग त्यांच्यात अदलाबदल कसली? 1940 च्या दशकापर्यंत जाणकारही असंच मानत. खरं तर 1928 साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी वेगळंच पाहिलं होतं. न्यूमोनियाचे मेलेले घातक जीवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जीवाणू एकत्र टोचले तर उंदीर मरत होते आणि त्यांच्या अंगात जिवंत घातक जीवाणू सापडत होते. मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. तो गुण वाहून नेणारं द्रव्य डीएनए आहे, हे 1944 साली ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी दाखवलं.

1946 साली येल विद्यापीठात 21 वर्षांच्या जोशुआ लेडरबर्गने एडवर्ड टेटम यांच्यासोबत सरळ प्रयोगच केला. ई. कोलायचे दोन वाण घेतले. एकाला काही पोषकद्रव्यं स्वतः बनवता येत नव्हती, दुसऱ्याला दुसरी काही. ती द्रव्यं न घातलेल्या खाद्यावर दोघेही एकेकटे उपाशी मरत. पण एकत्र ठेवले की सुमारे कोटीत एक असा जीवाणू निघे, जो सगळं स्वतः बनवून जगे. त्याने दोघांकडची चांगली जनुकं घेतली होती. 33 व्या वर्षी लेडरबर्गला नोबेल मिळालं.

यात नशिबाचा वाटा मोठा होता. वापरलेला के-12 हा वाण 1922 साली स्टॅनफर्डमध्ये घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केला होता आणि शिकवण्यासाठी जपून ठेवला होता. ई. कोलायचे बहुतेक वाण अशी देवघेव दाखवत नाहीत. दुसरी एखादी बाटली उचलली असती तर प्रयोग फसला असता आणि जीवाणूंना अदलाबदल येत नाही ही समजूत आणखी पक्की झाली असती.

जोशुआच्या पत्नी एस्थर लेडरबर्ग यांचं नाव इथे ठळकपणे घ्यायलाच हवं. लॅम्डा हा विषाणू त्यांनी शोधला, ज्याच्यावर पुढे पुनःसंयोगाचं अर्धं शास्त्र उभं राहिलं. जीवाणूला जनुकांचा ‘दाता’ बनवणारा एफ घटक उलगडण्यात त्या होत्या. आणि एका थाळीतल्या सगळ्या वसाहतींची मखमलीच्या कापडावर छाप घेऊन ती दुसऱ्या थाळ्यांवर उमटवण्याची पद्धत त्यांनी पतीसोबत बसवली. सुईने एकेक वसाहत उचलण्याचे तासन्‌तास वाचले. 1958 च्या त्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा नव्हता. हा अन्याय होता, असंच माझं मत आहे.

मिक्सर आणि घड्याळ

पुढचा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली वोलमन आणि फ्रांस्वा जाकोब यांनी 1955 च्या सुमारास दाता आणि ग्राहक जीवाणू एकत्र केले आणि ठरावीक मिनिटांनी त्यांना स्वयंपाकघरातल्यासारख्या मिक्सरमध्ये फिरवलं. देवघेवीसाठी जुळलेल्या जोड्या तुटत, पण जीवाणू मरत नसत. तोवर जेवढी जनुकं पलीकडे गेली तेवढीच गेली. आठ-नऊ मिनिटांनी काही, पंचविसाव्या मिनिटाला आणखी काही, असं प्रत्येक जनुक आपल्या ठरलेल्या वेळी हजर होई. म्हणजे गुणसूत्र धाग्यासारखं, एका टोकापासून, एका लयीत आत सरकत होतं.

गाव किती लांब आहे असं विचारलं की आपल्याकडे एसटीने दीड तास असं सांगतात, तसा ई. कोलायचा नकाशा मिनिटांत तयार झाला. 37 अंशांवर पूर्ण गुणसूत्र पलीकडे जायला सुमारे 100 मिनिटं. प्रत्यक्षात जोडी त्याआधीच तुटते. भरपूर खाद्य मिळालं तर याच जीवाणूचे वीस मिनिटांत दोन होतात, तेव्हा एवढा वेळ धीर धरणं मोठंच. वेगवेगळ्या दाता वाणांत सुरुवातीची जागा वेगळी, पण क्रम तोच फिरून येत राहिला, त्यावरून गुणसूत्र वर्तुळाकार असल्याचं कळलं. 1997 साली के-12 च्या जनुकसंचाचं पूर्ण वाचन झालं. सुमारे 46 लाख अक्षरं भरली आणि मिनिटांचा नकाशा त्याच्याशी छान जुळला.

देवघेवीची काळी बाजू

1950 च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये हगवणीचे असे जीवाणू पसरले ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधं एकदम निकामी ठरत होती. एकेका औषधाविरुद्धचा बदल वेगवेगळा व्हायचा तर एवढ्या वेगाने कसा होईल? जपानी संशोधकांनी दाखवलं की प्रतिकाराची जनुकं एका छोट्या डीएनए वर्तुळावर एकत्र बसलेली असतात आणि ती ई. कोलायकडून हगवणीच्या जीवाणूकडे आख्खीच्या आख्खी जातात. जात वेगळी असली तरी अडत नाही. डॉक्टरांनी न सांगितलेलं प्रतिजैविक खाऊ नका, हे बजावण्यामागे याच देवघेवीची भीती आहे. सर्दीसाठी उगाच घेतलेल्या गोळीने आतड्यातले निरुपद्रवी जीवाणू प्रतिकारक्षम होतात आणि ती शिदोरी उद्या एखाद्या रोगजंतूच्या हाती पडते.

पटकीचा जीवाणू तर अधिकच धाडसी. खेकडे-कोळंबीच्या कवचातल्या कायटिनवर बसला की तो बाहेरचं डीएनए आत घ्यायला तयार होतो, हे 2005 साली समजलं. पुढे असंही दिसलं की तो शेजारच्या जीवाणूंना भोसकून मारतो आणि त्यांचं सांडलेलं डीएनए उचलतो. 2018 साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात त्याचं चित्रणच झालं. केसाहून कितीतरी बारीक तंतू बाहेर येतो, डीएनए पकडतो आणि आत ओढून घेतो.

तुटलेलं सांधणारे

1965 साली कॅलिफोर्नियात ॲल्विन क्लार्क आणि ॲन डी मार्ग्युलिस यांना ई. कोलायचे असे वाण मिळाले ज्यांना पुनःसंयोग जमतच नव्हता. बिघडलेल्या जनुकाचं नाव रेकए. याच वाणांना अतिनील किरणही सोसवत नव्हते. यातून कळलं की अदलाबदल आणि दुरुस्ती या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू आहेत. तुटलेला धागा जुळत्या धाग्याकडे पाहून सांधायचा, हे रेकएचं काम. माणसात तेच काम रॅड51 हे प्रथिन करतं आणि त्याला जागेवर नेऊन बसवणारं प्रथिन म्हणजे बीआरसीए2, ज्याच्या जनुकातल्या दोषामुळे स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आज कर्करोग रुग्णालयांत या दोषाची जी तपासणी होते तिच्यामागचं बरंचसं ज्ञान ई. कोलायच्या थाळीतून आलं आहे.

या दुरुस्तीचा बादशहा मात्र डायनोकॉकस रेडिओड्युरान्स. 1956 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेलं डबाबंद मांस तरीही नासलं, तेव्हा तो सापडला. माणसाला जेवढा मारा प्राणघातक ठरतो त्याच्या हजारपट मारा तो सोसतो. त्याच्या गुणसूत्राचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते क्रमाने जोडून पुन्हा वाढायला लागतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या जीवाणूवर वर्षानुवर्षं अभ्यास झालेला आहे.

कुलाब्यात भेटलेले दोन्ही

चिलट आणि जीवाणू एकाच माणसाच्या हातून गेल्याचं सुंदर उदाहरण मुंबईतच आहे. ओबैद सिद्दिकी यांनी ग्लासगोला बुरशीतल्या पुनःसंयोगावर काम केलं. 1962 साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. भौतिकी आणि गणिताच्या त्या संस्थेत जीवशास्त्राला तेव्हा पहिल्यांदाच जागा मिळाली. ई. कोलायच्या संकरात आईबापांचं प्रत्यक्ष डीएनए संततीत येतं का, यावरचा त्यांचा निबंध 1963 चा.

मग 1970 च्या दशकात सिद्दिकी चिलटांकडे वळले. अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासोबत त्यांनी अशी चिलटं वेगळी काढली जी उकाडा वाढला की लुळी पडत आणि थंडावा मिळाला की पुन्हा चालू लागत. मेंदूतले संदेश कसे धावतात ते त्यातून उलगडत गेलं. बेंझर यांचा रस्ताही असाच होता. जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंतला पुनःसंयोग मोजून त्यांनी एका जनुकाच्या आतला नकाशा काढला आणि नंतर चिलटं हाती घेतली.

सिद्दिकींकडे पीएचडीला आल्या केनियात जन्मलेल्या, गोव्याच्या कुटुंबातल्या वेरोनिका रॉड्रिग्ज. चिलटांना चव आणि वास कसा कळतो, कोणतं जनुक बिघडलं की गोड कळेनासं होतं, हे या दोघांनी कुलाब्यात बसून शोधायला घेतलं. चवीच्या जनुकशास्त्रात जगाने दखल घ्यावी असं हे काम होतं. मराठी शालेय पुस्तकांत मेंडेलच्या वाटाण्याशेजारी या दोघांना एक परिच्छेद मिळायला हवा.

विज्ञान शिकवणाऱ्यांना आणि घरी चौकस मूल असलेल्यांना एक विनंती. काचेच्या बरणीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका, चिलटं आली की तोंडाला कापसाचा बोळा लावा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पोटाचं टोक काळं आणि गोलसर तो नर. आकाराने मोठी, पट्ट्यापट्ट्यांची आणि टोकदार पोटाची ती मादी. जुनी चिलटं आठवड्याने बाहेर काढा, म्हणजे पुढे दिसतील ती नवी पिढी. किती नर, किती माद्या, ते मुलांना रोज मोजून वहीत लिहायला लावा.